शालेय फुटबॉलपटूंसाठी कॉलेज शिष्यवृत्ती: आपल्या गावात कशी उभारावी, कशी टिकवावी

कोल्हापूरला फुटबॉलचं वेड कुणी शिकवावं लागत नाही. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही संघांची नावं इथल्या पोरांच्या तोंडी लहानपणापासूनच असतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा (केएसए) हंगाम सुरू झाला की राजर्षी शाहू स्टेडियमकडे गर्दीची रीघ लागते. स्पर्धांना प्रायोजक मिळतात, जिंकलेल्या संघाची मिरवणूक निघते, सामनावीराला रोख बक्षीस मिळतं. पण शाळेच्या संघातून देखणा खेळ करणारा मुलगा बारावीनंतर कुठे गेला असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं असतं: शिरोलीत कामाला लागला, सुट्टीच्या दिवशी येतो खेळायला.

कामाला लागण्यात काही वाईट नाही. वाईट याचं वाटतं की पंधरा-वीस हजारांसाठी त्याची पदवी राहून जाते आणि पुढे खेळाचाच उपयोग करून घ्यायची वेळ येते तेव्हा दार बंद असतं. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण फौजदार व्हायचं तर पदवी लागते आणि नुसतं पदक पुढे करून भागत नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतून २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, याचा आपल्याला अभिमान आहेच. मात्र दर हंगामात शाळांमधून जी शेकडो मुलं-मुली खेळतात, त्यांतल्या बहुतेकांना खेळासोबत शिक्षणच तारणार आहे.

गावातली एखादी तालीम, जुन्या खेळाडूंचा गट किंवा छोटा ट्रस्ट हे काम करू शकतो. त्यासाठी कोट्यवधी लागत नाहीत, लागते ती पदवीच्या तीन वर्षांची हमी. एका समारंभात मोठा चेक देऊन मोकळं होण्यापेक्षा कमी रक्कम तीन वर्षं न चुकता देणं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. पुढचं सगळं त्याच धोरणाने लिहिलं आहे. उदाहरण कोल्हापूरचं असलं तरी गडहिंग्लज, पुणे, नागपूर, मुंबई कुठेही हीच पद्धत चालेल.

आधी आकडेमोड, मग घोषणा

समजा, दरवर्षी दोन खेळाडू निवडायचे आणि प्रत्येकाला वर्षाला २५,००० रुपये द्यायचे. पहिल्या वर्षी खर्च ५०,०००. दुसऱ्या वर्षी नवे दोन येतात, जुने दोन चालू असतात, म्हणजे एक लाख. तिसऱ्या वर्षी सहा मुलं आणि दीड लाख. तिथून पुढे दरवर्षी दीड लाख लागतच राहणार. उत्साहाच्या भरात पहिल्याच वर्षी दहा मुलं निवडली, तर तिसऱ्या वर्षी साडेसात लाखांची सोय करावी लागते. बहुतेक योजना तिथेच मोडतात आणि मधल्या वर्षात अडकलेल्या मुलांचे हाल होतात.

म्हणून नियम करा: एका तुकडीची तीनही वर्षांची रक्कम हातात आल्याशिवाय त्या तुकडीची जाहिरात काढायची नाही. दोन खेळाडूंसाठी ती दीड लाख होते. वीसेक जुन्या खेळाडूंनी प्रत्येकी साडेसात हजार काढले तरी भागतं. व्याजावर कायमची योजना चालवायची असेल, तर ७ टक्के व्याज धरून वर्षाला दीड लाखासाठी साधारण साडेएकवीस लाखांची ठेव लागेल. ते दहा वर्षांचं उद्दिष्ट ठेवा, सुरुवात त्यासाठी अडवू नका.

नवी संस्था काढायची की जुनीच वापरायची?

माझं मत स्पष्ट आहे: जमत असेल तर जुनीच वापरा. अनेक तालीम मंडळं धर्मादाय आयुक्तांकडे आधीपासून नोंदलेली असतात. त्यांची घटना काढून उद्दिष्टांचं कलम वाचा. 'शिक्षणास उत्तेजन', 'विद्यार्थ्यांना मदत' असं काही लिहिलेलं असेल तर रस्ता मोकळा आहे. फक्त व्यायाम आणि उत्सव एवढंच असेल, तर आधी घटनादुरुस्ती करून घ्या. विश्वस्त मंडळ बदललं असेल तर त्याचा बदल अर्ज भरलाय का, तेही तपासा. कायद्याने तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत द्यायचा असतो आणि अनेक मंडळांचे असे अर्ज वर्षानुवर्षं राहिलेले असतात. शिष्यवृत्तीसाठी त्याच संस्थेच्या नावावर वेगळं बँक खातं उघडा आणि त्यातला एक रुपयाही स्पर्धेकडे किंवा गणपतीकडे वळवायचा नाही, असा ठराव करून ठेवा.

नवी संस्था काढायचीच असेल तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, शिवाय १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद करावी लागते. साधा ट्रस्ट केला तर या दुसऱ्या कायद्याखालची नोंद पुरते. नोंदणी नसताना लोकांकडून धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायला या कायद्याच्या ४१ क कलमाखाली परवानगी घ्यावी लागते. गणेश मंडळांना ती सवयीची असते. व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआर कोड टाकून वर्गणी मागण्याआधी हे लक्षात असू द्या.

देणगी घेताना

आयकर खात्याकडे संस्थेची नोंदणी (१२ ए) आणि देणगीदाराला सवलत मिळवून देणारी ८० जी ची मान्यता, दोन्हीसाठी अर्ज करा. नव्या संस्थेला आधी तीन वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा अर्ज आणि पावतीवरचा मजकूर सीएकडून तपासून घ्या. लोकांच्या बोलण्यात अजून ८० जी च आहे, म्हणून मीही तोच शब्द ठेवलाय.

देणगीदाराला तीन गोष्टी आधीच सांगा. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर सवलत मिळत नाही. त्याने नवी करप्रणाली घेतली असेल तरीही ही सवलत नाही. आणि पावती पुस्तकातली पावती पुरत नाही: संस्थेने देणगीदारांची यादी पॅनसह आयकर खात्याला वेळेत कळवल्यावर जे प्रमाणपत्र निघतं, तेच चालतं. ही यादी भरायची मुदत चुकली तर दिवसागणिक दंड बसतो, म्हणून ते काम एका माणसाच्या नावावर टाका.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या मोठ्या कारखान्यांकडे सीएसआरचा, म्हणजे कंपनीने सामाजिक कामासाठी खर्चायचा निधी असतो. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत शिक्षणही आहे आणि खेळाचं प्रशिक्षणही, त्यामुळे तुमची योजना दोन्हीकडून बसते. त्यासाठी संस्थेला सीएसआर-१ फॉर्म भरून क्रमांक घ्यावा लागतो. लहान फाउंड्रीवाल्याला मात्र हे काही लागत नाही. त्याला 'एका खेळाडूची तीन वर्षं तुमच्याकडे' असं सांगा. मालक स्वतः कधीकाळी तालमीकडून खेळलेला निघाला, तर बोलणं फार लांबत नाही.

परदेशातल्या आपल्या माणसांकडूनही विचारणा होते. ज्याच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे त्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. ज्याने अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलंय त्याची देणगी मात्र परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या (एफसीआरए) नोंदणीशिवाय घेता येत नाही. ती नोंदणी नव्या संस्थेला लगेच मिळत नाही. अशा वेळी नम्रपणे नाही म्हणा.

आणखी एक गोष्ट सीएशी आधीच बोलून ठेवा. संस्थेला उत्पन्नातले किमान ८५ टक्के त्याच वर्षी खर्च करावे लागतात. आपण तर तीन वर्षांचे पैसे राखून ठेवणार. त्यासाठी उद्देश आणि मुदत लिहून ठरावीक फॉर्म वेळेत भरला की पाच वर्षांपर्यंत रक्कम राखता येते.

नियम: कमी, पण लेखी

अमेरिकेत नॅशनल फुटबॉल फाउंडेशन नावाची संस्था १९४७ पासून काम करते. तिच्या गावोगावच्या शाखा हायस्कूलच्या खेळाडूंचा गौरव करताना मैदानावरचा खेळ, अभ्यास आणि इतरांना सोबत घेऊन चालण्याची वृत्ती, असं सगळं पाहतात. तिथलं फुटबॉल वेगळं, हेल्मेट घालून खेळायचं, पण हा विचार आपल्याला जसाच्या तसा घेण्यासारखा आहे. त्यात मी चौथा निकष घालीन: घरची गरज.

१०० गुणांची वाटणी अशी करून पाहा: गरज ४०, खेळ ३०, अभ्यास २०, वागणूक १०. गरजेला सर्वाधिक वजन देण्यावरून समितीत वाद होतील, होऊ द्या. ज्याला स्कॉलरशिप नसली तरी घरचे शिकवणार आहेत, त्याचा सत्कार करा, पैसे दुसऱ्याला द्या.

अभ्यासाची अट बेताची ठेवा. पहिल्या प्रयत्नात बारावी पास, एवढं पुरे. क्रीडा सवलतीचे गुण वेगळे काढून मूळ गुण पाहा, म्हणजे तुलना बरोबर होते. खेळासाठी गोलांचा हिशेब धरू नका, नाहीतर बचावफळीतला आणि गोलकीपर कायम मागे राहतील. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडच्या १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा, सुब्रतो कपचे सामने, केएसएची नोंदणी, भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन यंत्रणेतला खेळाडू क्रमांक, असे कागद पाहा आणि क्रीडाशिक्षकाशी प्रत्यक्ष बोला.

मुलींसाठी एक जागा वेगळी ठेवाच. कोल्हापुरात मुली चांगलं फुटबॉल खेळतात, पण त्यांच्यामागे तालमीसारखं बळ नसतं आणि बारावीनंतर घरून पहिली कात्री लागते ती खेळाला.

दोन गोष्टी कायद्यानेच बंद आहेत. विश्वस्तांच्या मुलाबाळांना, नातलगांना लाभ दिला तर संस्थेची करसवलत धोक्यात येते. आणि योजना एखाद्या जातीपुरती किंवा धर्मापुरती ठेवली तरी तेच. 'आपल्याच तालमीच्या पोरांना' हा आग्रहही सोडा. तालमीच्या नावाने योजना असावी, लाभ सगळ्या शाळांना खुला असावा. त्याने तालमीचं नाव वाढतंच.

अर्ज दोन पानांचा

अर्ज भरायला सायबर कॅफेत जायला लागू नये. दोन पानं, मराठीत, शाळेतच मिळणारा आणि शाळेतच जमा होणारा. सोबत दहावीची गुणपत्रिका (बारावीची निकाल लागल्यावर), शाळेचं बोनाफाईड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, खेळाची प्रमाणपत्रं आणि वयासाठी शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा. वयचोरी हा फुटबॉलमधला जुना रोग आहे आणि पहिल्या प्रवेशावेळची जन्मतारीख पाहिली की बरंच कळतं. मूल अठराच्या आत असेल तर अर्जावर पालकाची सही घ्या. फोटो छापायचा असेल तर त्याची वेगळी संमती घ्या.

'मी फुटबॉल का खेळतो' असा निबंध मागू नका. ज्याला लिहून देणारं कुणी आहे तोच त्यात पुढे जातो. त्याऐवजी तीन साधे प्रश्न पुरेत: घरात कमावतं कोण, कॉलेजला रोज किती लांब जावं लागेल, आणि सराव कधी करणार.

वेळापत्रक बारावीच्या निकालाला बांधा

शालेय स्पर्धा संपल्या की जानेवारीत शाळांना पत्रं जावीत. मार्चअखेर अर्ज गोळा, एप्रिलमध्ये छाननी आणि घरभेटी. निकाल साधारण मे महिन्यात लागतो, तो लागल्यावर आठ दिवसांत गुण भरून यादी पक्की. कॉलेज प्रवेशाची पहिली फेरी सुरू व्हायच्या आत मुलाच्या हातात पत्र पाहिजे. पंधरा ऑगस्टला किंवा दसऱ्याला समारंभात चेक द्यायची पद्धत आहे ना, ती शिष्यवृत्तीला मारक आहे. तोवर फी भरायची मुदत जाऊन मुलगा कुठेतरी कामाला लागलेला असतो. समारंभ हवा तर खुशाल करा, पैसे आधी पोचलेले असू द्या.

निवड समिती आणि घरभेट

समिती पाच जणांची. एक निवृत्त मुख्याध्यापक, एक कॉलेजचा क्रीडा संचालक, एक अनुभवी पंच, एक महिला खेळाडू आणि एक हिशेबातला माणूस. कुठल्याही संघाचा चालू पदाधिकारी नको. पेठांची चुरस मैदानावर शोभते, यादीत शिरली तर योजना पहिल्याच वर्षी बदनाम होते. गुण देताना अर्जावर नाव आणि संघ झाकून फक्त क्रमांक ठेवा. ज्याचा नातलग यादीत आहे त्याने त्या बैठकीतून बाहेर बसायचं, आणि तसं इतिवृत्तात लिहायचं.

घरभेट टाळू नका. दोघांनी जायचं, आधी फोन करून, संध्याकाळी सगळे घरी असताना. एका घरी आम्ही बसलो होतो. आईने कॉलेजचं फीचं पत्रक पुढे ठेवलं. ट्यूशन फी तुलनेने थोडीच होती. खाली जिमखाना, प्रयोगशाळा, लायब्ररी डिपॉझिट, ओळखपत्र, परीक्षा असे एकेक आकडे वाढत गेलेले. तिने पेन्सिलीने शेवटी स्वतःहून आणखी दोन खर्च लिहिले होते: 'पास' आणि 'बूट'. ती म्हणाली, "फीचं कसंबी करू ओ सर, पर रोजचं जाणं-येणं आन् त्येचं खाणं, त्येला कोण देणार?" त्या दिवसापासून आमच्या अर्जात फीचा रकाना एक आणि रोजच्या खर्चाचा रकाना वेगळा झाला. राधानगरी, शाहूवाडी किंवा चंदगडकडून येणाऱ्या मुलासाठी हा दुसरा रकानाच मोठा असतो.

राजर्षी शाहूंनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांची सुरुवात केली ती नेमकं हेच ओळखून. खेड्यातल्या मुलाला शाळा मोफत असून भागत नाही, राहायची-जेवायची सोय लागते. कोल्हापूरच्या बोर्डिंगांत आजही मुलं राहतात. तुमच्या खेळाडूला तिथे प्रवेश मिळवून देणं हे कधीकधी पंचवीस हजारांपेक्षा मोलाचं ठरतं.

सरकारी योजना आधी, आपले पैसे नंतर

निवडलेल्या प्रत्येक मुलाचा महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज भरून घ्या. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, सामाजिक प्रवर्गांसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या, यांपैकी काही ना काही बहुतेकांना लागू होतं. व्यावसायिक अभ्यासक्रमांत आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी २०२४ पासून पूर्ण माफ आहे. अशा मुलीला तुम्ही पुन्हा फीचेच पैसे देऊ नका. मेस, पास, पुस्तकं, बूट यांना द्या.

सरकारी पैसे उशिरा येतात, कॉलेज मात्र प्रवेशावेळी मागतं. ही मधली फट तुमच्या योजनेने भरायची. पुढे सरकारी रक्कम आली की मुलाने ती परत करावी, असली अट घालू नका. तेवढी रक्कम त्याच्या पुढच्या सत्राच्या खर्चात धरा.

पैसे कुणाच्या हातात?

फी थेट कॉलेजच्या खात्यावर. मेसचे पैसे मेसला. उरलेले मुलाच्या स्वतःच्या बँक खात्यावर, दोन हप्त्यांत: पहिला प्रवेशाच्या वेळी, दुसरा दुसरं सत्र सुरू होताना. प्रशिक्षकाकडे, तालमीच्या कार्यकर्त्याकडे किंवा 'काकांकडे' रोख द्यायची नाही, ते कितीही विश्वासाचे असले तरी. शिक्षणखर्चासाठी दिलेल्या शिष्यवृत्तीवर विद्यार्थ्याला आयकर लागत नाही, हे पालकांना सांगा. बऱ्याच जणांना उगाच धास्ती असते.

प्रत्येक मुलाची एक फाईल ठेवा: फीची पावती, हजेरी, निकाल. दरवर्षी हिशेब ऑडिट करून घ्या आणि एका पानावर जमाखर्च छापून सगळ्या देणगीदारांना पाठवा. दुसऱ्या वर्षी देणगी न मागता येते ती याच पानामुळे.

दुखापत, एटीकेटी आणि बाकीचे प्रसंग

माझ्या दृष्टीने इथे योजनेची खरी परीक्षा आहे. गुडघ्याचं लिगामेंट तुटलं की खेळाडू आठ-नऊ महिने किंवा जास्त काळ बाहेर असतो, काही परत येतच नाहीत. त्या काळात शिष्यवृत्ती थांबवली तर आपण त्याला खेळाचं भाडं देत होतो, असा अर्थ होईल. नियमावलीत ठळक लिहा: दुखापतीमुळे खेळ थांबला तरी शिक्षण चालू असेपर्यंत रक्कम चालू राहील. त्या वर्षी त्याला मैदानावरच राहायचं असेल तर लहान मुलांच्या सरावात मदतीला घ्या, पण अट म्हणून नको.

एटीकेटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर एक सत्र संधी द्या आणि त्या विषयाची शिकवणी लावून द्या. शहरात निवृत्त प्राध्यापक पुष्कळ आहेत आणि फुटबॉलच्या नावाने विचारलं तर नाही म्हणणारा विरळा. वर्षच गेलं तर रक्कम थांबवा, पण जागा एक वर्ष राखून ठेवा. सामन्यात पंचांवर हात टाकला किंवा मारामारीत नाव आलं, तर समितीने मुलाला आणि पालकांना बोलावून त्यांचं ऐकून घ्यावं आणि निर्णय लेखी द्यावा. लोक काय म्हणतात यावर ठरवू नये.

मुलगा एखाद्या क्लबच्या अकादमीत निवडला जाऊन गाव सोडून गेला तर काय? आनंदाने पाठवा. त्याचे राहिलेले हप्ते ठेवीत तसेच ठेवा आणि दोन वर्षांत तो पदवीला परत आला, मग ती बहिःस्थ का असेना, तर त्याच पैशांतून त्याचा प्रवेश करून द्या. नाही आला तर ती रक्कम पुढच्या तुकडीत धरायची, असा ठराव आजच्याच बैठकीत करून इतिवृत्तावर सह्या घ्या.